लाइटची तार आणि नेटची तार: खांब एक, कायदे दोन

गेल्या गाळप हंगामात अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अडकला. वरच्या मोळ्यांत काळी तार गुंतली होती. टपरीवरचे सगळे एका सुरात, "नेटची हाय, धर बिनधास्त." नशीब, कुणी धरली नाही. वायरमन आला, त्यानं आधी डीपीवरून लाइन बंद केली, मग तार उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "आमची नाही भाऊ ही." नेटवाल्याला फोन लावला तर त्याचं म्हणणं, पोल लाइटवाल्यांचा आहे, त्यांनाच विचारा.

हा घोळ नुसता आळसाचा नाही. दोन्ही तारांचं घराणं मुळात एकच आहे. आजीच्या पिढीत 'तार आली' म्हटलं की पोटात गोळा यायचा. त्या तारेसाठी १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता. कुणाच्याही जमिनीवरून, खालून, कडेनं तार नेता येईल, पण जमीन मिळणार नाही, मिळेल तो फक्त वापराचा हक्क, असं त्यात होतं. पुढे २००३ च्या वीज कायद्यातल्या कलम १६४ नं सरकारला हेच अधिकार वीज कंपनीला देण्याची मुभा दिली. म्हणून शेतात उच्चदाबाचा टॉवर उभा राहतो, सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो आणि भांडण मोबदल्याचं होतं. गंमत पुढे आहे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद पडली. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं जुना कायदा मोडीत काढायचं ठरवलं, पण त्या जुन्या कायद्याचा तिसरा भाग, म्हणजे तार नेण्याच्या हक्काचा, विजेच्या पारेषण लाइनसाठी चालू राहील, हेही लिहून ठेवलं. तारेचा कायदा शेवटी लाइटवाल्यांच्या पदरात पडला!

आता फरक. विजेच्या तारेच्या बाबतीत नियम आधी उंची विचारतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे रस्ता ओलांडणारी ६५० व्होल्टपर्यंतची तार ५.८ मीटरच्या खाली नको, त्यावरची ३३ हजार व्होल्टपर्यंतची ६.१ मीटरच्या खाली नको. रस्त्याच्या कडेनं जाणारीला हेच आकडे ५.५ आणि ५.८. मोजायचं खांबापाशी नाही, झोल, म्हणजे तारेचा लोंबता भाग, सगळ्यात खाली येतो तिथं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की ॲल्युमिनियमची तार तापून लांबते आणि झोल वाढतो. दिवाळीत बरोबर असलेली उंची तेव्हाही बरोबर असेलच असं नाही. पण निदान मोजायला आकडा आहे, जबाबदार कंपनी ठरलेली आहे आणि अपघात झाला तर विद्युत निरीक्षकापर्यंत तो कळवावा लागतो.

नेटच्या तारेच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो परवानगीचा. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या राइट ऑफ वे (दुसऱ्याच्या जागेतून तार नेण्याचा हक्क) नियमांचा भर अर्ज, मोबदला आणि मुदत यांवर आहे. सरकारी जागेसाठी केलेल्या अर्जाला ६७ दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. अर्ज कुणाकडे, हे रस्त्यावर अवलंबून. तुळजापूर-लातूर-नांदेड असा राष्ट्रीय महामार्ग असेल तर २००२ च्या महामार्ग जमीन कायद्याप्रमाणे महामार्ग प्रशासनाकडे, राज्यमार्ग असेल तर बांधकाम खात्याकडे, गावातली गल्ली असेल तर ग्रामपंचायतीकडे. चारी खोदून फायबर टाकलं, तर साइडपट्टी पूर्ववत करून देणं आलंच. (खोदण्याआधी खाली कुणाची लाइन आहे ते विचारायला मार्च २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' ॲपही आहे. जेसीबीवाल्यांनी वापरलं तर.)

आमच्या नेटवाल्याचं उत्तर मात्र कायद्यात टिकत नाही. २०२३ च्या कायद्याप्रमाणे दूरसंचाराचं जाळं ज्या मालमत्तेवर बसवलंय तिचा भाग होत नाही, ते वेगळंच धरलं जातं. वीज कंपनीच्या खांबाला बांधली म्हणून तार तिची झाली, असं नाही. बांधायला खांबाच्या मालकाला विचारलं होतं का, हा पुढचा प्रश्न. आमच्या रस्त्यावर तरी तो कुणी विचारलेला आठवत नाही. माझ्या मते खरी गोम हीच आहे. परवानगी एकदाच मागायची असते, झोल रोज वाढतो.

टपरीवरच्या त्या "धर बिनधास्त"चंही बघू. काळी म्हणजे नेटची, ही समजूत घातक आहे. वीजचोरीचे आकडे टाकता येऊ नयेत म्हणून वीज कंपन्याही आता बऱ्याच ठिकाणी उघड्या तारांऐवजी पीळ दिलेली काळी एबी केबल टाकतात. घरात येणारी सर्व्हिस वायरही बहुतेक काळीच. आणि समजा तार खरंच नेटची असली, तरी बऱ्याच केबलींना आधाराला पोलादी तार जोडलेली असते. वर कुठं ती लाइटच्या उघड्या फेजला टेकली की खालचं टोक जिवंत. म्हणून आधी वीज कंपनीच्या १९१२ या नंबरवर फोन, लाइन बंद, मग तार कुणाची याची चर्चा.

त्या दिवशी लाइन बंद होती तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्यानं पोत्याची सुतळी काढली आणि वायरमनकडून ती तार खांबाला वर बांधून घेतली. हंगाम संपला, नेट चालू आहे, सुतळी तीच आहे.