दहा गोल तेव्हाचे, दहा गोल आताचे: भारतीय हॉकीत ‘सर्वांत महान कोण’ या वादाची पार्श्वभूमी

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रूपसिंग यांनी अमेरिकेविरुद्ध एकाच सामन्यात १० गोल केले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हरमनप्रीतसिंगनेही १० गोल केले, पण आठ सामने मिळून, आणि तेही सगळे पेनल्टी कॉर्नर किंवा पेनल्टी स्ट्रोकवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे मिळालेल्या संधींवर. भारताचे त्या स्पर्धेतले एकूण गोल होते १५. म्हणजे दोन तृतीयांश गोल एकट्याचे. या दोघांत मोठा कोण, असं कोणी विचारलं की नुसता आकडा हाती धरून उत्तर देता येत नाही. तरीही भारतीय पुरुष संघाबद्दलचा हा वाद शंभर वर्षं होत आली तरी गोलांच्याच हिशेबाने चालतो.

ही सवय लागली १९२८ मध्ये. ॲमस्टरडॅमला भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. त्यातले १४ सेंटर फॉरवर्ड ध्यानचंद यांचे. तेव्हाची मांडणीच गोल करणाऱ्याला समोर आणणारी होती: आघाडीला पाच, मागे तीन हाफ (मधली फळी), दोन फुलबॅक (बचावपटू) आणि गोलरक्षक. मधला सेंटर फॉरवर्ड हा या रचनेचा शेवटचा बिंदू, सगळे पास अखेर त्याच्याकडे. लोकांनी त्याचं नाव लक्षात ठेवलं यात नवल नाही. त्याच स्पर्धेत एकही गोल न खाणाऱ्या गोलरक्षक रिचर्ड ॲलन यांचं नाव आज किती जणांना सांगता येईल?

गोलसंख्या वाचताना आधी समोर कोण होतं ते पाहावं. १९३२ ला स्पर्धेत संघच तीन होते: भारत, जपान, अमेरिका. भारताने जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ असं हरवलं. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार पडला. पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स यांपैकी कोणीच आलं नाही. भारताने टांझानियावर १८ आणि क्युबावर १३ गोल चढवले, आणि सुरिंदरसिंग सोधी यांच्या खात्यात १५ गोल जमा झाले. सुवर्ण खरंच होतं. अंतिम सामन्यात स्पेनला ४-३ हरवताना दमछाकही झाली. पण ते १५ गोल आणि बलबीरसिंग (सीनियर) यांचे १९५२ च्या हेलसिंकीतल्या अंतिम सामन्यातले पाच गोल एकाच तराजूत घालता येणार नाहीत. नेदरलँड्सविरुद्धचा तो सामना ६-१ सुटला होता. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात एकट्याने पाच गोल, हे वजन वेगळंच.

दुसरी गोची नोंदींची. १९३६ च्या बर्लिनमधल्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला ८-१ हरवलं, पण त्यातले ध्यानचंद यांचे गोल तीन की चार, यावर आजही एकमत नाही. दौऱ्यांवर स्थानिक संघांविरुद्ध केलेले गोलही कोणी एकूण संख्येत धरतं, कोणी धरत नाही. म्हणून ‘कारकिर्दीतले एकूण गोल’ हा आकडा समोर आला की त्यात दौऱ्याचे किती आणि देशांविरुद्धचे किती, हे विचारल्याशिवाय तो वापरू नये. जुन्या काळाचंच असं आहे असंही नाही. खडकीच्या धनराज पिल्ले यांच्या गोलांची अधिकृत मोजणी कोणी नीट ठेवलीच नाही. सगळीकडे फिरतो तो अंदाज.

शिवाय गोल करणाऱ्याला चेंडू कोणी दिला? १९३६ ला ऑलिंपिकआधी सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ हरवलं होतं. त्यानंतर इनसाइड राइटच्या (सेंटर फॉरवर्डच्या लगेच उजवीकडच्या) जागेसाठी अली दारा यांना भारतातून विमानाने बोलावून घ्यावं लागलं. संघात ध्यानचंद होते, रूपसिंग होते, तरी एक दुवा ढिला पडताच आघाडी अडखळली. १९७५ च्या क्वालालंपूर विश्वचषकातही विजयी गोलामुळे अशोककुमार यांचं नाव घराघरांत गेलं. पण त्या संघाचा वेग कधी चढवायचा आणि कधी उतरवायचा हे ठरवत होते सेंटर हाफ (मधल्या फळीतले मधले खेळाडू) आणि कर्णधार अजितपालसिंग. सेंटर हाफचं मोठेपण धावफलकावर दिसत नाही. ते पाहायला चेंडू सोडून माणसाकडे बघावं लागतं.

१९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातवा आला. गवतावर चेंडू उसळतो, अडखळतो, त्यामुळे मनगटाने चेंडू खेळवणाऱ्याचं पारडं जड असतं. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगाने धावतो. लांब पास, दमसास आणि सरावाने घोटलेल्या चाली जास्त कामाला येतात. पुढे १९९२ पासून हवे तितके खेळाडू बदलायची मुभा आली, १९९८ ला ऑफसाइडचा नियम गेला. या रेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे खेळाडू जवळजवळ दोन वेगळे खेळ खेळले, असं म्हटलं तरी चालेल.

पेनल्टी कॉर्नरमध्ये हा फरक सर्वांत ठळक दिसतो. गवतावर एक जण वाकून हाताने चेंडू थांबवायचा आणि दुसरा हिट मारायचा. आज गोलखांबापासून किमान १० मीटरवरून, गोलरेषेवरून चेंडू ढकलला जातो, अर्धवर्तुळाबाहेर स्टिकने थांबवला जातो, आणि समोर गोलरक्षकासह पाचच बचावपटू असतात. पहिला फटका हिट असेल तर गोलरेषेवर चेंडू ४६ सेंटिमीटरच्या वर असता कामा नये, २.१४ मीटर उंच गोलाचा जेमतेम पाचवा हिस्सा. फ्लिकला, म्हणजे न मारता स्टिकने ढकलून उचललेल्या चेंडूला, ही अट नाही. म्हणून ड्रॅग फ्लिक: चेंडू मागच्या पायाजवळ उचलायचा, स्टिकला चिकटवून ओढत आणायचा आणि पुढचा पाय टेकल्यावर मनगट फिरवून सोडायचा. चेंडू वीतभर जरी पुढेमागे थांबला तरी फ्लिक करणाऱ्याची पावलं चुकतात, चेंडू सुटायला उशीर होतो आणि तोवर पहिला रशर (गोलरेषेवरून धावत येणारा बचावपटू) अंगावर आलेला असतो. हरमनप्रीतचे गोल मोजताना चेंडू ढकलणारा आणि थांबवणारा या दोघांनाही मोजायला हवं. पण ‘हे काय नुसते कॉर्नरचे गोल’ असं म्हणणाऱ्यांनी हेही आठवावं की १९५६ ला पाकिस्तानविरुद्ध सुवर्ण मिळालं ते रणधीरसिंग जेंटल यांच्या पेनल्टी कॉर्नरवरच्या एकमेव गोलामुळे.

आमच्या मते या वादात सर्वांत जास्त अन्याय झाला तो शंकर लक्ष्मण यांच्यावर. १९५६, १९६० आणि १९६४ चे तिन्ही ऑलिंपिक अंतिम सामने भारत-पाकिस्तान झाले, तिन्ही १-० सुटले, आणि तिन्हींत भारताचा गोलरक्षक तेच. तीन अंतिम सामने मिळून त्यांनी खाल्ला एक गोल, १९६० चा. तेव्हा ना हेल्मेट होतं, ना आजच्यासारखे पावलांवरचे जाड फोमचे किकर. अलीकडचा गोलरक्षक श्रीजेश याच्या वेळी साधनं बदलली होती, दृष्टीही बदलली होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) कांस्यपदकाच्या सामन्यात भारत ५-४ पुढे असताना, शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीचा पेनल्टी कॉर्नर त्याने अडवला आणि तो बचाव गोलाइतकाच गाजला. पॅरिसनंतर त्याची १६ क्रमांकाची जर्सीही निवृत्त केली गेली.

सामन्यांची संख्या हे माप त्याहून कच्चं. ध्यानचंद यांच्या काळात ऑलिंपिक सोडलं तर जागतिक स्पर्धाच नव्हती. पुढच्या काळातले बचावपटू दिलीप तिर्की मात्र ४१२ सामने खेळले. पदकांचं मापही फसवं आहे. धनराज चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळले. त्या चार ऑलिंपिकमध्ये संघ सातव्या-आठव्या जागेच्या वर गेला नाही. १९९८ ला बँकॉकमध्ये मात्र त्यांच्या नेतृत्वाखाली आशियाई सुवर्ण आलं.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने तिथल्या भुयारी रेल्वेच्या नकाशावर स्थानकांना ऑलिंपिकपटूंची नावं दिली होती. भारतीय हॉकीतले तिघे त्यात होते. ध्यानचंद आणि रूपसिंग ही दोन नावं कोणीही ओळखली असती. तिसरं नाव होतं लेस्ली क्लॉडियस: तीन सुवर्णं, एक रौप्य, आणि जागा राइट हाफची.