चौदा जर्सी घातलेला पिचर

१५ मे २०१९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानात एडविन जॅक्सन टोरोंटो ब्लू जेजकडून पिचिंगला, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकायला उतरला आणि मेजर लीग बेसबॉल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये १४ संघांकडून खेळलेला पहिला खेळाडू ठरला. त्याआधीचा विक्रम ऑक्टाव्हिओ डोटेलचा, १३ संघांचा.

जॅक्सनचा जन्म १९८३ चा, जर्मनीतल्या नॉय-उल्मचा. वडील अमेरिकी लष्करात होते. २००१ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला घेतलं. ९ सप्टेंबर २००३ ला, नेमक्या विसाव्या वाढदिवशी, तो मेजर लीगमधला पहिला सामना खेळला आणि समोर रँडी जॉन्सनसारखा दिग्गज पिचर असूनही जिंकला. असं पदार्पण झालेला मुलगा पुढे गावोगाव फिरत राहील, असं तेव्हा कोणाला वाटलं असेल?

२५ जून २०१० ला तो अ‍ॅरिझोनाकडून आपल्याच जुन्या संघाविरुद्ध, टँपा बेविरुद्ध खेळत होता. पहिल्या तीन डावांतच त्याने सात फलंदाजांना चुकीच्या चेंडूंवर फुकट बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा दिला. तरीही त्याला मैदानात ठेवलं गेलं. १४९ चेंडू टाकून त्याने नो-हिटर पूर्ण केला, म्हणजे अख्ख्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट, म्हणजे चेंडू फटकावून सुरक्षित बेस गाठणं, मिळू दिली नाही. अ‍ॅरिझोना १-० ने जिंकला. माझ्या मते त्याचा हा सर्वांत मोठा दिवस. पाचच आठवड्यांनी त्याच संघाने त्याला शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन टाकलं.

असं देऊन टाकता येतं, कारण ट्रेडला, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीला, सहसा खेळाडूची संमती लागत नाही. कर्ट फ्लड १२ हंगाम सेंट लुइस कार्डिनल्सकडून खेळला होता. १९६९ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला पाठवलं, तेव्हा त्याने नकार दिला आणि तो कोर्टात गेला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो हरला. पण पुढच्याच वर्षीच्या करारात खेळाडू संघटनेने एक हक्क मिळवला: मेजर लीगमध्ये १० वर्षं झालेली आणि त्यांतली शेवटची सलग ५ एकाच संघात गेलेली असतील, तर खेळाडू ट्रेड नाकारू शकतो.

जॅक्सनसारख्याला या हक्काचा काय उपयोग? सलग पाच वर्षं त्याला कोणी ठेवलंच नाही. २७ जुलै २०११ ला तर व्हाइट सॉक्सनी त्याला टोरोंटोला दिलं आणि टोरोंटोने त्याच दिवशी कार्डिनल्सकडे धाडलं. त्याच व्यवहारात धाडलेला आणखी एक पिचर होता ऑक्टाव्हिओ डोटेल. त्या शरद ऋतूत दोघांनीही कार्डिनल्सबरोबर वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची अंतिम मालिका जिंकली.

शिकागो कब्ज या संघाबरोबरचा ४ वर्षांचा, ५ कोटी २० लाख डॉलरचा करारही मुदतीआधीच, २०१५ मध्ये, संपला. १०७ विजय, १३३ पराभव हे पिचर म्हणून त्याच्या नावावर लागलेले कारकिर्दीचे आकडे पाहून अनेकजण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. २००३ ते २०१९ या सतराही हंगामांत कोणत्या ना कोणत्या मेजर लीग संघाने त्याच्या हातात चेंडू दिला. लीग सुटल्यावरही तो अमेरिकेच्या टोकियो ऑलिंपिक संघात गेला आणि २०२१ मध्ये रौप्यपदक घेऊन परतला.