ग्रहणात काय चिरलं होतंस गं?

आमच्या गल्लीतल्या एका पोराला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच बुद्धीची वाढ हळू, आता बारा वर्षांचा झालाय, आणि त्याच्या आईला अजूनपण कोण ना कोण विचारतंच की पोटुशी असताना ग्रहणात काय चिरलं होतंस काय गं. ऐकून जीव तुटतो. अहो, त्या पोराच्या पेशींत ४६ च्या जागी ४७ गुणसूत्रं आहेत, २१ नंबरचं एक जादा, आणि हे १९५९ सालीच कळलंय. बहुतेक वेळा बीज तयार होताना ती जोडी सुटत नाही, बस. आईचं वय वाढेल तशी शक्यता वाढते हे खरं, पण विळीचा आणि ग्रहणाचा काडीचा संबंध नाही.

पोराची बुद्धी मागं राहायची, म्हणजे बौद्धिक दिव्यांगत्वाची, बाकी कारणं बरीच आहेत, जन्मताना ऑक्सिजन कमी पडणं, कावीळ फार चढणं, मेंदूज्वर, जनुकातला बिघाड, आणि पुष्कळदा सगळ्या टेस्ट करूनपण कारण सापडत नाही. आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न करतात, तिथं एकच सदोष जनुक दोघांकडून यायचा धोका वाढतो, म्हणजे प्रत्येक वेळी तसं होतंच असं नाही, पण जेनेटिक सल्ला घ्यायला लाजू नका.

एक कारण मात्र घरोघरी जाऊन सांगावंसं वाटतं, थायरॉईड. काही बाळांची ही गळ्यातली ग्रंथी जन्मापासूनच नीट चालत नाही, आणि बाळ दिसतं एकदम शांत, झोपाळू, शेजारीण म्हणते किती गुणी आहे, रडतपण नाही! आत मात्र मेंदू वाढायला लागणारं हार्मोनच कमी. जन्मानंतर दोनेक दिवसांनी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन टीएसएच, म्हणजे थायरॉईड नीट चालतंय का ते सांगणारी टेस्ट, बघितली आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्या हार्मोनची गोळी सुरू झाली तर बहुतेक मुलं इतरांसारखीच शिकतात. गोळी स्वस्त आहे. उशीर झाला तर झालेलं नुकसान पूर्ण भरून निघत नाही, म्हणून डिस्चार्ज घेताना विचाराच, टीएसएच केलं काय?

आणि ज्यांचं निदान झालंय त्यांना 'खुळं' म्हणून कोपऱ्यात बसवू नका. नुसता बुद्ध्यांक ७० च्या खाली आला म्हणून कुणी बौद्धिक दिव्यांग ठरत नाही, रोजची कामं किती जमतात तेपण बघतात, आणि ती कामं शिकवता येतात. स्पीच थेरपी, विशेष शिक्षक हे जितकं लवकर तितकं चांगलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला काढून ठेवा.

शिकवायची एक पद्धत मला फार आवडते, उलटीकडून. शर्टाचं बटण काजात अर्धं घालून द्यायचं, शेवटचं ओढणं तेवढं पोरानं करायचं, ते जमलं की त्याच्या आधीची पायरी, म्हणजे दरवेळी काम त्याच्याच हातानं पुरं होतं आणि उमेद राहते. आमच्या गल्लीतल्या त्या पोराच्या आईनं कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरनं दूध आणायला असंच शिकवलं, आधी फक्त घराच्या दारापासनं किटली त्याच्या हातात, मग कोपऱ्यापासनं, मग चौकापासनं. गेल्या महिन्यापासनं कट्ट्यावर तो एकटाच जातोय.