घड्याळ लावून लिहिताना मन का पळतं?
इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या लेखन-बैठकीबद्दल, विद्यार्थी आणि पालकांसाठी

आमचं दुकान मूळचं वह्या-पेनांचं. वरची खोली रिकामी पडून होती, तिथे आता कॉलेजची मुलं संध्याकाळी घड्याळ लावून पेपर लिहायला बसतात. पालक विचारतात, "हे घरी बसून होत नाही का?" म्हणून हे पत्रक.

मोबाइलमुळे मन पळतं, हे अर्धंच खरं. इथे मोबाइल खाली गल्ल्याजवळच्या खणात राहतो, तरी नवी मुलं दहाव्या मिनिटाला खिडकीबाहेर बघतातच. विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच: पुढे काय लिहायचं ते सुचेना. म्हणून पहिली पाच मिनिटं उत्तर लिहायचंच नाही. कच्च्या कागदावर नुसते मुद्दे, एकेका शब्दात. मग अडलं तर नजर खिडकीऐवजी त्या कागदाकडे जाते. शेजारी एक चिठ्ठी 'नंतर'ची: फीची तारीख, कुणाला करायचा फोन, आठवेल ते तिथे टाकायचं आणि लिहीत राहायचं. चुकलं तर एक रेघ मारायची, गिरवत बसायचं नाही.

सुरुवात २५ मिनिटांनी, मग ५ मिनिटं सुट्टी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावर ही पद्धत बसवली. 'पोमोदोरो' म्हणजे टोमॅटोच. पण परीक्षेत मधे सुट्टी कोण देतं? म्हणून आम्ही दर पंधरवड्याला वेळ वाढवतो: ४५, ९०, शेवटी सलग तीन तास. यूपीएससी मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांना प्रत्येकी तीन तासांत २० प्रश्न असतात, म्हणजे एका उत्तराला सरासरी ९ मिनिटं, विचार धरून. नऊ मिनिटं म्हणजे किती, हे हाताला कळावं लागतं. गणित करून भागत नाही.

मुलं हात दुखतो म्हणाली तर बहाणा समजू नका. एरवी सगळं टाइपच होतं, हाताची सवय मोडली आहे. (जाड पकडीचं पेन दुकानात आहे, घेतलंच पाहिजे असं नाही.)

उत्तरं आम्ही तपासत नाही, ते तुमच्या सरांचं काम. दर पंधरा मिनिटांनी घंटा होते, तेव्हा समासात खूण करायची. कुठे रेंगाळलात ते नंतर तुमचं तुम्हालाच दिसतं.

वेळ संध्याकाळी ६ ते ९, रविवारी बंद. महिन्याला ४०० रुपये, पहिले तीन दिवस फुकट. कागद घरून आणा. खाणं वर नको. नऊला सुटलात की खायला सराफ्याचा रात्रीचा बाजार आहेच.