स्वल्पविराम, इंग्रजी वाक्यातील

स्वल्पविराम : इंग्रजी वाक्याचे घटक वेगळे दाखवणारे, ओळीच्या पायाशी बसणारे, खाली शेपूट वळलेले चिन्ह. मुंबईतील शाळांत, कचेऱ्यांत आणि टंकलेखनाच्या वर्गांत बोलताना ‘कॉमा’ हाच शब्द चालतो. ‘स्वल्पविराम’ व्याकरणाच्या तासापुरता उरला आहे. यादीतील नावे तोडणे, पत्त्यात चाळ, रस्ता व उपनगर वेगळे करणे, हे उपयोग सर्वांच्या परिचयाचे असल्याने त्यांचा येथे विस्तार केलेला नाही.

उगम : मूळ ग्रीक शब्द ‘कोम्मा’ याचा अर्थ कापलेला तुकडा. तो प्रथम चिन्हाचा नव्हे, तर वाक्यखंडाचा वाचक होता. इ. स. पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या बायझँटियमच्या ॲरिस्टोफनीझने वाचकाला थांबा कळावा म्हणून तीन उंचींवर बिंदू देण्याची पद्धत घातली, असे परंपरा सांगते. कोणत्या उंचीचा बिंदू कोणत्या थांब्याचा, याबाबत नंतरच्या व्याकरणकारांची वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत. आखूड खंडासाठी मधला बिंदू, हे मत अधिक प्रचलित आहे. मात्र आजचे शेपटीचे रूप या बिंदूतून आले असे म्हणणे कठीण आहे. मध्ययुगीन लॅटिन लेखनात थांब्यासाठी तिरकी रेघ, ‘विर्गुला’, वापरली जाई. इटलीतील बोनकोम्पान्यो दा सिन्या याने बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या आरंभी आपल्या विरामपद्धतीत अशीच रेघ सुचवली होती. व्हेनिसमधील मुद्रक आल्दुस मानुतियुस याच्या छापखान्यात १४९० च्या दशकात ही रेघ आखूड होऊन ओळीच्या पायाशी आली व किंचित वळली. फ्रेंच भाषेत या चिन्हाला आजही ‘व्हिर्ग्युल’ म्हणतात, हे पाहता नाव ग्रीक खंडाचे आणि आकृती लॅटिन रेघेची, हा पक्ष ग्राह्य वाटतो. इंग्रजी मुद्रणात हे रूप सोळाव्या शतकात रूढ झाले.

मराठीत प्रवेश : जुन्या देवनागरी पोथ्यांत एक दंड व दोन दंड एवढेच विराम होते, मोडीत तर शब्दही एकमेकांना जोडून लिहीत. मराठीत विरामचिन्हे आणण्याचे श्रेय साधारणपणे मेजर टॉमस कँडी (१८०४–७७) यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांचे कोशकार्यातील सहकारी आणि क्रमिक पुस्तकांची भाषा तपासणारे अधिकारी म्हणून त्यांचा शब्द मुंबई इलाख्यात चाले. विरामचिन्हांच्या परिभाषेवरचे त्यांचे पुस्तक १८५० च्या सुमाराचे मानतात. परंतु ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’मध्ये इंग्रजी व मराठी मजकूर एकाच पानावर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. म्हणजे कँडी यांच्या पुस्तकापूर्वीच मुंबईच्या जुळाऱ्यांसमोर दोन्ही भाषांचे खिळे होते. त्यामुळे कँडी यांनी चिन्हांना शिस्त व शिक्षणखात्याचे पाठबळ दिले, पण चिन्ह हाताळण्याची सवय छापखान्यातच लागत होती, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

मराठी भाषकाच्या अडचणी : ‘जिथे श्वास घ्यावा तिथे कॉमा द्यावा’ हा नियम शाळेत हमखास सांगितला जातो, आणि बहुतेक चुकांचे मूळ त्यातच आहे. इंग्रजी स्वल्पविराम आज प्रामुख्याने रचना दाखवतो, श्वास नव्हे. ‘द नंबर्स शोन ऑन द न्यू इंडिकेटर्स, आर राँग’ या वाक्यात ‘इंडिकेटर्स’नंतर थांबावेसे वाटते, तरीही कर्ता आणि त्याचे क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम येत नाही. कर्ता कितीही लांबला तरी हा नियम शिथिल होत नाही.

सर्वांत सूक्ष्म अडचण संबंधी वाक्याची आहे. ‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन दादर, टीचेस मॅथ्स’ असे लिहिले तर भाऊ एकच, आणि तो दादरला राहतो ही जाता जाता दिलेली माहिती. दोन्ही स्वल्पविराम काढले की भाऊ अनेक होतात व दादरचा तेवढा गणित शिकवतो. ‘दादरला राहणारा माझा भाऊ गणित शिकवतो’ या मराठी वाक्यात हा भेद दिसत नाही. तो संदर्भावरून कळतो. शिवाय ‘जे उशिरा आले, त्यांना शिक्षा झाली’ या जो-तो रचनेत मराठी लेखक सहज स्वल्पविराम देतो. तीच सवय इंग्रजीत जाऊन ‘द स्टुडंट्स, हू केम लेट, वेअर पनिश्ड’ असे वाक्य तयार होते, आणि उशिरा आलेल्या चार मुलांऐवजी अख्ख्या वर्गाला शिक्षा झाली असा अर्थ निघतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला हा एक नियम समजावून सांगितला, तर बाकीचे दहा नियम पाठ करून घेण्यापेक्षा अधिक उपयोग होतो, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

‘तो म्हणाला की,’ असा ‘की’नंतरचा स्वल्पविराम मराठी वृत्तपत्रांत सर्रास दिसतो. त्याचीच छाया ‘ही सेड दॅट, द ऑफिस वॉज क्लोज्ड’ या लेखनावर पडते. इंग्रजीत ‘दॅट’नंतर येथे चिन्ह नको. ‘पाऊस थांबेना, लोक रुळांवरून चालू लागले’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. मात्र दोन स्वतंत्र इंग्रजी वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे औपचारिक लेखनात दोष समजतात. तेथे अर्धविराम, पूर्णविराम किंवा ‘अँड’, ‘सो’ यांसारखे अव्यय लागते. संबोधनात दोन्ही भाषा चिन्ह देतात, पण मराठीत ‘मुलांनो’मधील ‘नो’ हा संबोधनाचा प्रत्ययच काम करून जातो. इंग्रजीत तसा प्रत्यय नसल्याने सगळा भार चिन्हावर पडतो.

‘अँड’पूर्वीचा स्वल्पविराम : यादीतील शेवटच्या ‘अँड’आधीच्या चिन्हाला ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाच्या परंपरेवरून ‘ऑक्सफर्ड कॉमा’ म्हणतात. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण प्रघात ते गाळण्याचा आहे, अमेरिकी ग्रंथप्रकाशनात देण्याचा. मुंबईतील शालेय इंग्रजी ब्रिटिश वळणाचे असल्याने आणि मराठीतही ‘आणि’पूर्वी चिन्ह देत नसल्याने ते येथे फारसे रुजले नाही. ‘माय पॅरंट्स, द डॉक्टर अँड द टीचर’ अशा पाहुण्यांच्या यादीत माणसे चार की दोन, असा संशय आला तर मात्र ते द्यावे.

कायद्यातील महत्त्व : कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हांना गौण स्थान द्यावे, असा न्यायालयांचा सामान्य कल आहे. तरीही महाराष्ट्र राज्य प्रतिपक्षी असलेल्या एका अपिलात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम २७ मधील ‘मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल’ या शब्दांचा अर्थ स्वल्पविरामावरून लावला. तेव्हाच्या मजकुरात ‘स्टॉक्स’नंतर ते चिन्ह नव्हते, म्हणून ‘फॉर सेल’ हे शब्द साठ्यालाही लागू झाले. केवळ साठा बाळगणे पुरेसे नाही, तो विक्रीसाठी असला पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. अमेरिकेतील मेन राज्यात दूधगाड्यांच्या चालकांचा जादा कामाच्या मोबदल्याचा दावा २०१७ साली अपील न्यायालयाने पुढे चालू दिला, तोही यादीतील शेवटचा स्वल्पविराम नसल्यामुळे निर्माण झालेल्या संदिग्धतेवरच.

संख्यांत : भारतीय पद्धतीत उजवीकडून प्रथम तीन व पुढे दोन-दोन अंकांनंतर चिन्ह येते : १२,३४,५६७. आंतरराष्ट्रीय व्यवहारात तीच संख्या १,२३४,५६७ अशी लिहितात, म्हणून परदेशी पत्रव्यवहारात एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवावी लागते. जर्मनी, फ्रान्स इत्यादी देशांत स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे. तेथे ३,५ म्हणजे साडेतीन.