राउटरमागचं टाचणीएवढं भोक
(आमच्या सांगली, मिरज, कुपवाडच्या इंटरनेट ग्राहकांसाठी)

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी "नेट गेलंय" म्हणून दुपारपर्यंत नऊ फोन आले. पोरं भिजत घरोघर फिरली. सहा घरांत लाइन ठणठणीत होती. राउटरच्या, म्हणजे वायफायच्या डब्याच्या, मागच्या बारीक भोकात कुणीतरी टाचणी घातली होती.

तिथं 'रीसेट' लिहिलेलं असतं. रीसेट म्हणजे बंद-चालू नव्हे. टाचणी आत दाबून धरली की डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. तुमच्या कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड आम्ही त्यात भरलेलं असतं, ते पुसलं जातं. वायफायचं नावही बदलून डब्याखालच्या स्टिकरवरचं होऊन बसतं, आणि खरा घोळ तिथंच. स्टिकरवरचा पासवर्ड टाकला की फोन जोडला जातो, सगळे दांडे दिसतात, पण एक पान उघडत नाही. मग आम्हाला ऐकावं लागतं, "वायफाय फुल्ल आहे, म्हणजे तुमचीच लाइन गेली."

वायफाय म्हणजे घरातले नळ, इंटरनेट म्हणजे महापालिकेचं पाणी. नळ चकाचक असले तरी वरून पाणी सुटायला लागतंच.

तेव्हा टाचणी ठेवून द्या. आधी डब्याचे लाइट बघा. 'एलओएस' लिहिलेला लाइट लाल लागला असेल तर फायबरमधून येणारा प्रकाश तुटलाय. ते काम आमचं, लगेच फोन करा. फायबर म्हणजे केसाएवढी काच असते. कपाट सरकवताना ती दबली किंवा उंदरानं कुरतडली तरी हेच होतं, म्हणून वायर खिळ्याला गुंडाळून ठेवू नका. लाल लाइट नसेल तर बटणावरून डबा बंद करा, एक मिनिट थांबा, चालू करून पाच मिनिटं वाट बघा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

रीसेट झालेल्या घरी येण्याचे आम्ही दीडशे रुपये घेतो, त्यावर कुरकुर होते. काम दोन मिनिटांचं आहे, मान्य. पण कुपवाडहून हरिपूरला जाऊन येईपर्यंत ज्याची लाइन खरंच तुटलीय तो ताटकळतो. पहिल्या वेळी पैसे घेत नाही. लाइन आमच्या बाजूनं गेली असेल तर कधीच नाही.

स्पीडबद्दलही विचारणा असते. १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबीच उतरतं, कारण एमबीपीएसमधलं बी बिटचं, एमबीमधलं बाइटचं, आणि आठ बिटांचा एक बाइट. यात फसवणूक नाही. डबा टीव्हीच्या मागं किंवा कपाटात कोंबला असेल तर मात्र तेवढंही मिळणार नाही. जुन्या घरांच्या जाड भिंतींपलीकडं रेंज मरतेच. माडीवर दुसरा राउटर लावून देतो, आधी घर बघून गरज आहे का ते सांगतो. वीज गेल्यावर नेट हवं असेल तर डब्यापुरता छोटा यूपीएस दुकानात आहे.

नव्यानं नेट घेतलेल्या ज्येष्ठांना वीजबिल भरणं, महाभूलेखवर सातबारा बघणं, नातवाला व्हिडिओ कॉल लावणं पोरं जोडणीच्या दिवशीच शिकवतात. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. तात्काळ तिकिटाला मात्र आधी लॉगिन करून बसा. एसीचं बुकिंग दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला, आणि तिथं उशीर झाला तर दोष नेटचा नसतो.

एवढं मात्र जपा. पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करा. आमचा नंबर गूगलवर शोधू नका, तो डब्यावर चिकटवलाय.

दुपारी दोन ते चार दुकान बंद, फोन चालू. फोन करण्याआधी डब्यापाशी जाऊन उभे राहा, कोणता लाइट लाल आहे तेच आम्ही आधी विचारणार.