भोपाळ: शेडमधला कचरा आणि जमिनीत मुरलेलं विष

1 जानेवारी 2025 च्या रात्री 12 कंटेनर भोपाळहून निघाले आणि सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पिथमपूरला पोचले. आत युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातला 337 टन कचरा होता. जूनअखेरपर्यंत तो तिथल्या भट्टीत जाळून झाला. तेव्हापासून बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकतोय, "चला, चाळीस वर्षांनी का होईना, भोपाळ साफ झालं." दर वेळी समोरच्याला थांबवून सांगावंसं वाटतं, की जळालं ते शेडमधलं होतं. जमिनीतलं अजून जिथल्या तिथे आहे. दोन्हींना आपण 'भोपाळचा कचरा' असं एकच नाव दिलंय, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

त्याआधी आणखी एक गैरसमज बाजूला करतो. आसपासच्या हातपंपांचं पाणी 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री सुटलेल्या वायूमुळे बिघडलं, असं पुष्कळांना वाटतं. तो मिथाइल आयसोसायनेट वायू. त्या रात्री त्याने हजारो माणसं मारली. पण पाण्याशी गाठ पडली की तो लवकर विघटित होतो, मातीत वर्षानुवर्षं टिकत नाही. पाण्याचं दुखणं त्याच्याही आधीचं आहे. 1969 पासून तिथे कीटकनाशकांचं काम चालायचं आणि उरलेला गाळ, द्रावकं, बिघडलेला माल आवारातल्या खड्ड्यांमध्ये टाकला जायचा. 1977 च्या सुमारास कारखान्याच्या उत्तरेला सांडपाणी उन्हात आटवण्यासाठी मोठी तळी बांधली. तळाला प्लास्टिकचं अस्तर होतं. ते गळतंय, हे 1982 मध्ये कंपनीच्या स्वतःच्या निरोपांतच लिहिलेलं आहे. म्हणजे वायू सुटलाच नसता, तरी हे पाणी नासणारच होतं.

आता शेडमधला कचरा. 2004 साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. त्यानंतर 2005 मध्ये आवारात उघड्यावर पडलेला माल गोळा करून शेडमध्ये, म्हणजे आवारातल्या गोदामात, ठेवला गेला : सेव्हिन या कीटकनाशकाचे अवशेष, ते बनवायला लागणाऱ्या नॅफ्थॉलचे अवशेष, टाक्यांच्या तळाचा गाळ, अर्धवट तयार माल आणि खरवडून काढलेली थोडी माती. सगळं मिळून साडेतीनशे टनांच्या आत. त्यातले 10 टन 2015 मध्ये चाचणी म्हणून जाळले. उरलेला कुठे न्यायचा यावरून वीस वर्षं वाद चालला. अंकलेश्वरला न्यायचं ठरलं, गुजरातने नकार दिला. मग आपल्या नागपूरजवळच्या डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) भट्टीचं नाव निघालं, महाराष्ट्राने हरकत घेतली. जर्मनीला न्यायचीही बोलणी झाली, तीही फिसकटली. शेवटी पिथमपूर ठरलं आणि तिथलेही लोक रस्त्यावर उतरले. त्यांची भीती मला रास्त वाटते. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे उरलेल्या राखेचं वजन मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरलं, आणि ती राख पुन्हा कुठेतरी जपून पुरावीच लागते.

तरीही हे काम तुलनेने सोपं होतं. पोत्यात भरता येतं, काट्यावर तोलता येतं, 'काम पूर्ण' असं लिहून त्याखाली सही करता येते.

जमिनीतल्या विषाला असा काटा लावता येत नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने आणि हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने 2010 मध्ये अंदाज दिला होता, की सुमारे 11 लाख टन माती दूषित आहे. 337 टनांच्या तीन हजार पटींहून जास्त! 337 टनांना 12 कंटेनर लागले, त्या हिशेबाने इथे चाळीस हजारांच्या आसपास लागतील. एवढी माती उचलून नेणं व्यवहार्य नाही, आणि तसं करूही नये. दुसऱ्या गावाच्या माथी ती का मारायची? अशा जागी सहसा सगळ्यात जहरी ठिकाणं शोधून तेवढीच खणतात. बाकीच्या जमिनीवर पाणी झिरपणार नाही असं आच्छादन घालतात, भोवती खोल भिंत उतरवतात, आणि भूजल उपसून, शुद्ध करून, पुन्हा उपसत राहतात. वर्षानुवर्षं.

भूजल हा यातला सगळ्यात अवघड भाग आहे. इथे सापडलेली कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म, डायक्लोरोबेन्झीन ही रसायनं पाण्यापेक्षा जड आहेत. डिझेल पाण्यावर तरंगतं. ही तळाला बसतात, खडकाच्या भेगांमध्ये शिरतात आणि तिथून थोडी थोडी विरघळत राहतात. वरचं पाणी उपसलं की काही महिने आकडे खाली येतात, पंप थांबवला की पुन्हा चढतात. "उकळून प्यायलं तर?" असं लोक विचारतात. उकळून जंतू मरतात. क्लोरोफॉर्म वाफेबरोबर त्याच खोलीत पसरतो, आणि पारा किंवा शिसं असेल तर ते भांड्यातच राहतं.

अशा पाण्याचा नमुना कसा घेतात, ते एकदा बघण्यासारखं असतं. निरीक्षण विहिरीतलं साचलेलं पाणी आधी उपसून टाकतात, ताजं भूजल आत येऊ देतात. मग ते छोट्या काचेच्या बाटलीत हळूहळू, काठोकाठ भरतात. झाकण लावून बाटली उलटी करतात, बोटाने टिचकी मारतात आणि बुडबुडा दिसतो का ते बघतात. बुडबुडा दिसला तर तो नमुना बाद, कारण उडून जाणारं रसायन त्या हवेत निघून गेलेलं असतं. एवढी काळजी घेतली नाही, तर खराब पाणीसुद्धा कागदावर चांगलं दिसतं.

शिवाय शेडला भिंती होत्या, भूजलाला कुंपण नाही. लखनौच्या आयआयटीआर या विषशास्त्र संशोधन संस्थेने 2018 च्या सुमारास 42 वस्त्यांमध्ये दूषित भूजल असल्याचं नोंदवलं; काही वर्षांपूर्वी हा आकडा 22 होता. अटल अय्यूब नगर, अन्नू नगर, ब्लू मून कॉलनी ही त्यातली काही नावं. हातपंपांना लाल रंग फासून 'पाणी पिण्यायोग्य नाही' असं लिहिलं गेलं, कारण लोक तेच पाणी भरत होते. दुसरं पाणी नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने नळाने शुद्ध पाणी द्यायला सांगितलं, ते टप्प्याटप्प्याने पोचलं. त्याने माणसांची तहान भागली, जमिनीखालचं पाणी आहे तसंच राहिलं. नळ हा पर्याय आहे, उपचार नाही, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. नाहीतर पाइपलाइन टाकली म्हणजे प्रश्न सुटला, अशी उद्या नवी समजूत होईल.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'भोपाळ साफ झालं' म्हणालं, तर साधे प्रश्न विचारा. कारखान्याच्या आणि तळ्यांच्या भोवती निरीक्षण विहिरी किती आहेत? पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर त्यांतलं पाणी कोण तपासतं? आणि ते आकडे अन्नू नगरच्या माणसाला कुठे वाचायला मिळतात?